‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ ताकदीची कॅप्सूल घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वय ४६, सहा वर्षांपासून मधुमेह, बीपीची एक गोळी चालू. वर्षभरात ताठरता हळूहळू कमी झाली आहे, संबंध अर्धवट राहतात. मोबाइलवर एका कॅप्सूलची जाहिरात सारखी समोर येते: ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही, ४५ मिनिटांत परिणाम, पार्सल हातात आल्यावर पैसे.’ तुमच्या मित्राने ती घेतली आणि त्याला जबरदस्त फरक पडला. डॉक्टरांकडे जायला संकोच वाटतो. तर ही कॅप्सूल खरंच चालते का, आणि घेतली तर धोका आहे का?

मी एमडी मेडिसिन आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेह आणि रक्तदाबाचेच रुग्ण जास्त. ही तक्रार त्यांच्याकडून बहुतेक वेळा सगळं तपासून झाल्यावर, चिठ्ठी हातात घेऊन दाराशी पोचल्यावर निघते. ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं’ असं म्हणून माणूस पुन्हा खुर्चीत बसला की मला विषय कळतो. तुमचा संकोच मी समजू शकतो. तुम्ही पार्सल मागवण्याआधी विचारलंत याचं मला खरोखर बरं वाटलं.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. एक त्या कॅप्सूलचा. दुसरा तुम्ही विचारलेला नाही, पण मला तोच मोठा वाटतो: ४६ व्या वर्षी, मधुमेह असताना, ताठरता कमी का झाली? आधी कॅप्सूलचं बोलू.

जाहिरातीतला ‘४५ मिनिटांत परिणाम’ हा दावा पुन्हा वाचा. अश्वगंधा, सफेद मुसळी, गोखरू, शिलाजीत, कवचबीज ही अशा कॅप्सूलमधली नेहमीची नावं. यांच्यावर जे काही बरे अभ्यास झाले, त्यात माणसांनी दोन-तीन महिने रोज औषध घेतलं आणि मग मोजमाप केलं गेलं. अभ्यास बहुतेक छोटे. त्यांत अश्वगंधेने ताण कमी झाला, शुक्राणूंची संख्या किंवा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन थोडं वाढलं, असं काहींत दिसतं. शिलाजीतवरही असा एखादा छोटा अभ्यास आहे. गोखरू टेस्टोस्टेरॉन वाढवतो ही जाहिरातवाल्यांची आवडती गोष्ट, पण माणसांवरच्या अभ्यासांत तिला भक्कम आधार मिळालेला नाही. कुठलीही वनस्पती पाऊण तासात मधुमेही माणसाची ताठरता परत आणते असं मी कुठे वाचलेलं नाही आणि रुग्णांतही पाहिलेलं नाही.

पाऊण तासात हे काम करणारी औषधं मात्र जगात आहेत. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल. पहिल्याला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली, दुसऱ्याला २००३ मध्ये. म्हणून एखाद्या ‘जडीबुटी’च्या कॅप्सूलने तासाभरात खणखणीत परिणाम दिला, सोबत चेहरा लाल झाला, डोकं जड झालं, नाक चोंदलं, छातीत जळजळ झाली, तर माझा पहिला संशय एकच असतो: आत सिल्डेनाफिल किंवा त्याचं भावंड मिसळलं आहे. तुमच्या मित्राला विचारून पाहा, त्याला यातलं काही झालं होतं का.

हा संशय हवेतला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात ज्या पूरक उत्पादनांत लपवलेली औषधं सापडल्याचं जाहीर केलं, त्यांची मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण ७७६ उत्पादनं. त्यातली ३५३ लैंगिक ताकदीची. या ३५३ पैकी १६६ मध्ये थेट सिल्डेनाफिल होतं. बाकीच्यांतल्या पुष्कळांत त्याचे किंचित बदललेले रासायनिक प्रकार होते. हे प्रकार मुद्दाम वापरतात, कारण नेहमीच्या तपासणीत ते सहज पकडले जात नाहीत. आणि त्यांची माणसांवर कधी रीतसर चाचणीच झालेली नसते.

तुम्ही म्हणाल, सिल्डेनाफिल डॉक्टरही देतात, मग कॅप्सूलमध्ये असलं तर बिघडलं कुठे? डॉक्टर देतात तेव्हा किती मिलिग्रॅम हे माहीत असतं, तुमच्या इतर गोळ्या माहीत असतात, हृदयाची अवस्था पाहिलेली असते. कॅप्सूलमध्ये किती आहे हे बनवणाऱ्यालाही धड माहीत नसतं. एकाच डबीतल्या दोन कॅप्सूलमध्ये वेगवेगळं असू शकतं. सगळ्यात मोठी भीती नायट्रेटची. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, हृदयरोग्यांना रोज दिल्या जाणाऱ्या तशाच काही गोळ्या, नायट्रोग्लिसरीनचा फवारा, हे सगळं त्याच कुळातलं. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर निदान ४८ तास यातलं काही देता येत नाही, कारण दोन्ही मिळून रक्तदाब असा कोसळतो की माणूस त्यातून उठेलच याची खात्री नसते. आता डोळ्यांसमोर आणा: रात्री कॅप्सूल घेतली, पहाटे छातीत दुखलं, घरच्यांनी धावपळ करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारतात, ‘काही गोळी घेतली का?’ माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘नाही, फक्त आयुर्वेदिक.’ आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली जाते. इथे डॉक्टर चुकत नाही, रुग्णही खोटं बोलत नाही. खोटं बोलते ती डबी. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांबरोबरही चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

मधुमेह्यांना मी सिंगापूरची घटना आवर्जून सांगतो. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत तिथे मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरल्यामुळे रुग्णालयांत दाखल झाले. बहुतेक सगळे पुरुष. शोध घेतल्यावर कळलं की बेकायदा विकल्या जाणाऱ्या लैंगिक ताकदीच्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे मधुमेहाचंच औषध, मोठ्या प्रमाणात मिसळलेलं होतं. सात जण दीर्घकाळ बेशुद्ध राहिले, चार दगावले. ते तिथे का मिसळलं गेलं हे बाजूला ठेवा. जिथे हिशेब ठेवणारं कोणी नसतं तिथे काहीही मिसळलं जाऊ शकतं. तुम्ही आधीच साखरेची गोळी घेत असाल. तुमच्या पोटात अशी आणखी एक गोळी नकळत गेली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

मग मित्राला पडलेला फरक? तो आत मिसळलेल्या औषधाचा असू शकतो. आणि काही नुसत्या विश्वासाचाही असू शकतो, यात मित्राचा अपमान नाही. सिल्डेनाफिलच्या १९९८ सालच्या मूळ अभ्यासात औषध घेणाऱ्यांचे ६९ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांचेही २२ टक्के झाले. ताठरतेत मनाचा वाटा इतका मोठा असतो. म्हणूनच ‘हजारो समाधानी ग्राहक’ दाखवणं या धंद्यात फार सोपं आहे. शंभर जणांना काहीही विका, वीसेक जण मनापासून चांगलं बोलतील. उरलेले लाजेपोटी तक्रार करणार नाहीत. कोण ग्राहक मंचात जाऊन सांगेल की माझी ताकदीची गोळी चालली नाही? विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

आता डबीवरचे शिक्के. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असेल, तर त्याचा अर्थ त्या व्यवसायाला अन्नपदार्थ बनवण्या-विकण्याचा परवाना आहे, एवढाच. त्या कॅप्सूलने ताठरता येते असं कोणी तपासलेलं नसतं. उलट अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला रोग बरा करण्याचा दावा करताच येत नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना असेल, तर तो राज्याचं परवाना खातं देतं. ती पायरी वरची आहे, निदान क्रमांक तपासता येतो, बनवणाऱ्याचा पत्ता मिळतो. ‘जीएमपी’ म्हणजे कारखाना ठरलेल्या पद्धतीने चालतो. ‘आयएसओ’ म्हणजे कामकाजाच्या नोंदी नीट आहेत. यातला कुठलाच शिक्का ‘हे औषध चालतं’ असं म्हणत नाही. ‘क्लिनिकली प्रूव्हन’ लिहिलं असेल तर एवढंच विचारा: अभ्यास या कॅप्सूलवर झाला, की तिच्यातल्या एखाद्या वनस्पतीवर? त्या अभ्यासात जेवढी मात्रा होती तेवढी इथे आहे का? बारा वनस्पती पाचशे मिलिग्रॅममध्ये कोंबल्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब तुम्हीही करू शकता.

आणि कायदा. १९५४ च्या ज्या कायद्याला सगळे ‘मॅजिक रेमेडीज ॲक्ट’ म्हणतात, त्यात लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्या-वाढवण्यासाठी औषधाची जाहिरात करायलाच मनाई आहे. औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत लिंगाचा आकार आणि संबंधाचा कालावधी वाढवण्याचा दावा स्पष्ट नावाने वर्ज्य केला आहे. म्हणूनच जाहिरातीत ‘जोश’, ‘स्टॅमिना’, ‘वेलनेस’ असे निसटते शब्द येतात आणि बाकीचं काम चित्र करतं. एसटी स्टँडच्या मुतारीतली पत्रकं, हायवेच्या कडेचे ‘खानदानी वैद्य’चे तंबू आणि मोबाइलवरची गुळगुळीत जाहिरात यांत मला फक्त छपाईचा फरक दिसतो.

आकाराचा विषय निघालाच आहे तर तोही मिटवून टाकतो. १५,५२१ पुरुषांची मापं एकत्र करून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ताठ अवस्थेतली सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली. माझ्याकडे ‘लहान आहे’ म्हणून आलेले जवळपास सगळे पुरुष अगदी सामान्य होते. कुठलीही गोळी, तेल, लेप लांबी वाढवत नाही. कालावधीचंही तसंच. पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलं तेव्हा मधला आकडा ५.४ मिनिटं आला. अर्धा-एक तासाच्या गप्पा मोबाइलवरून डोक्यात बसल्या आहेत.

हे वाचून मी आयुर्वेदाच्या विरोधात आहे असा ग्रह करून घेऊ नका. वाजीकरण, म्हणजे लैंगिक शक्तीची चिकित्सा, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर त्याचाच अध्याय येतो. शिकलेला वैद्य तुमची नाडी, अग्नी, कोठा, झोप सगळं विचारेल आणि मधुमेह आहे हे कळल्यावर मुसळीपाकासारखा साखरेत केलेला पाक देणार नाही. जाहिरातीतली कॅप्सूल हे काहीच विचारत नाही. शिवाय ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हे आयुर्वेदही मानत नाही. औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत अफू, भांग, धोतरा, कुचला, बचनाग यांची नोंद विषारी द्रव्यं म्हणून आहे आणि ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. ‘कामिनी विद्रावण रस’ या स्तंभनाच्या, म्हणजे वीर्यपतन लांबवण्याच्या, औषधात अफू असते. त्याच्या गोळ्यांची सवय लागून अफूच्या व्यसनासारखे उपचार घ्यावे लागलेल्यांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बोस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये छापून आलं. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याची उदाहरणंही आता नोंदली गेली आहेत. प्रमाण कमी आहे, पण कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी असं काही दिसलं तर लगेच थांबवायचं. परदेशी डब्यांत ‘योहिम्बे’ या झाडाची साल असली तर बीपीच्या माणसाने ती डबी बाजूलाच ठेवावी; त्याने धडधड आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

थोडक्यात, कॅप्सूलबद्दल माझं मत असं: तिने काहीच झालं नाही तर तुमचे पैसे गेले. पण पाऊण तासात परिणाम झाला, तर मला तुमची जास्त काळजी वाटेल.

आता दुसरा प्रश्न. ताठरता म्हणजे रक्त भरणं. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. खाऱ्या पाण्याने घरातल्या बारीक नळ्या आधी बुजतात, जाड पाइपाला वेळ लागतो, तसंच इथे. ताठरतेची तक्रार सुरू झाल्यापासून हृदयाचा त्रास दिसेपर्यंत बऱ्याचदा दोन ते पाच वर्षांचं अंतर असतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हा काळ हाताशी असतो. ताकदीच्या कॅप्सूलवर महिने घालवणारा माणूस पैशांपेक्षा हा काळ जास्त गमावतो, आणि मला या सगळ्या धंद्यात सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच आहे. मधुमेही पुरुषांत जवळपास निम्म्यांना कधी ना कधी ही तक्रार होते. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण ‘साखर आहे, होणारच’ म्हणून सोडून देण्यासारखीही ती नाही.

काही गोष्टी मात्र तुम्हाला न तपासता मी सांगू शकत नाही. सकाळी उठताना ताठरता असते का? ती नीट असेल आणि फक्त संबंधाच्या वेळी अडचण येत असेल, तर रक्तवाहिन्यांपेक्षा ताण, भीती, आधीच्या एका अपयशाची धास्ती याकडे बोट जातं. तक्रार एका महिन्यात अचानक आली की वर्षभरात हळूहळू, यानेही चित्र बदलतं. तुमचं वर्णन हळूहळूचं आहे, म्हणून मी रक्तवाहिन्यांकडे आधी बघेन. इच्छाच कमी झाली आहे, की इच्छा आहे आणि साथ मिळत नाही? इच्छाच नसेल तर टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड आणि मनाची उदासी तपासावी लागते. बीपीची गोळी कोणती? ॲटेनोलॉलसारख्या काही जुन्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या ताठरता कमी करू शकतात, आणि त्यांना पर्याय असतात. पण स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका. तंबाखू, गुटखा, विडी चालू असेल तर तेही खरं सांगा. नैराश्याच्या आणि केस गळतीच्या काही गोळ्यांचाही यात हात असतो.

तपासण्या फार खर्चिक नाहीत. तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तातल्या चरबीचं प्रमाण, किडनीसाठी क्रिएटिनिन, रक्तदाब, ईसीजी, आणि सकाळी अकराच्या आत उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन; ते कमी आलं तर दुसऱ्यांदा. दुपारी काढलेल्या एका अहवालावरून कोणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवली तर थांबा. दोन मजले भराभर चढून दम लागत नसेल, छाती भरून येत नसेल, तर संबंधाचा ताण हृदय बहुधा सोसू शकतं. शंका असेल तर ट्रेडमिल चाचणी आधी.

हे पाहिल्यावर, हृदय ठीक असेल आणि नायट्रेट चालू नसेल, तर मी बहुतेकांना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलच देतो. लोकांना या गोळीची भीती वाटते आणि अनोळखी कॅप्सूलची वाटत नाही, हे मला उलटं वाटतं. कंपनीचं नाव-पत्ता असलेली गोळी, ठरलेली मात्रा, मेडिकलमधून चिठ्ठीवर घेतलेली, जाहिरातीतल्या ‘कोर्स’पेक्षा बहुधा स्वस्तही पडते. मधुमेही पुरुषांत तिचा परिणाम थोडा कमी असतो हे आधीच सांगतो: मधुमेह असलेल्या २६८ पुरुषांच्या अभ्यासात सिल्डेनाफिल घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना सुधारणा वाटली, पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांना. ‘गोळी चालली नाही’ म्हणून परत येणाऱ्यांशी बोलल्यावर बऱ्याचदा कळतं की ती मटणाच्या भरपेट जेवणावर घेतली होती, किंवा घेऊन नुसतं पडून राहिले होते, किंवा एकदाच घेऊन सोडली होती. सिल्डेनाफिल हलक्या पोटी, तासभर आधी घ्यायची असते. आणि इच्छा व जवळीक असेल तरच ती काम करते, आपोआप काही होत नाही. चार तासांहून जास्त ताठरता राहिली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

साखर आटोक्यात आणणं, चालणं, वजन, तंबाखू सोडणं याने फरक पडतो, पण महिन्यांनी. तोवर गोळीचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

घरी बायकोला हे सांगितलं आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अनुभव असा की तिला काहीतरी बिनसलंय हे कधीचं कळलेलं असतं, फक्त ती त्याचा अर्थ ‘मी आता नको झाले’ असा लावून बसलेली असते. शिवाय पंचेचाळिशीच्या आसपास तिच्याही शरीरात बदल होत असतात, कोरडेपणामुळे तिला त्रास होत असेल तर तीही टाळत असेल. जमलं तर दोघं मिळून या. नाही जमलं तर एकटे या, पण या.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं हे सुचत नसेल तर एवढंच म्हणा: ‘साखर आहे, वर्षभरापासून ताठरता कमी झाली आहे, हृदयासाठी काही तपासायचं का?’ एका वाक्यात काम होतं. समोरच्याने हसण्यावारी नेलं तर डॉक्टर बदला. फिजिशियन किंवा युरॉलॉजिस्ट, कोणीही चालेल.

कॅप्सूल आधीच मागवली असेल, किंवा एखाद-दुसरी घेऊन झाली असेल, तर डबी फेकू नका. ती डॉक्टरांना दाखवा. काही त्रास झाला असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या केंद्र सरकारच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं. मित्राच्या घरी उरलेली डबी असेल आणि त्याला छातीचा काही त्रास असेल, तर त्यालाही आजच सांगा. आणि तुमच्या छातीत कधी दुखलं, तर दवाखान्यात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हेच असू द्या की अमुक कॅप्सूल अमुक वेळी घेतली होती. लाज वाटली तरी बायकोसमोर, भावासमोर, नर्ससमोर मोठ्याने सांगा.